एकशे सव्वीसच्या पुढचे

श्रीरंग धर्माधिकारीला जिची किळस येत नाही अशी वस्तू औरंगाबादेत अजून सापडायची होती. चहाच्या टपरीवरचा ओला फडका दिसला की त्याचं नाक वर जायचं. शेअर रिक्षात शेजाऱ्याचा दंड लागला की तो बाही मनगटापर्यंत ओढून घ्यायचा. बँकेतला माणूस जिभेला बोट लावून नोटा मोजायला लागला की ह्याचा चेहरा असा व्हायचा, की मागच्याला वाटावं ह्याच्याच खात्यातून गेल्या. बायको उमा म्हणायची, "ह्यांना देवानं नाक दिलं ते श्वास घ्यायला नाही, मुरडायला."

गुण वडिलोपार्जित होता. फक्त तो ते कबूल करायचा नाही. वडील लासूर स्टेशनला सकाळी पूजा सांगायचे आणि अकरा वाजता बाजार समितीत कारकुनीला बसायचे. त्यांचं रेशमी सोवळं दोरीवर काठीनं वाळत पडायचं, आणि पोरानं चुकून हात लावला तर पुन्हा पाण्यात जायचं. श्रीरंगनं एमसीए झाल्यावर जानवं कपाटात ठेवलं, हा सगळा मूर्खपणा आहे असं वडिलांना तोंडावर सांगितलं, आणि पहिल्या पगारात स्पिरिटची बाटली अन् कापसाचं बंडल विकत घेतलं. दुसऱ्याचा कीबोर्ड पुसल्याशिवाय तो बोट टेकवायचा नाही.

"वडिलांचं सोवळं रेशमाचं, ह्यांचं स्पिरिटचं," असं अतुल साळवे म्हणायचा.

अतुल त्याच कॉलेजात संगणक शिकवायचा. राहायला मुकुंदवाडीत. अख्ख्या कॉलेजात श्रीरंगचा दोस्त म्हणावा असा हा एकच, आणि दोस्त म्हणूनच त्याला टोचायची मुभा.

"सर, तुम्ही माझ्या डब्यातलं खाता ना?"

"खातो की."

"खाता. पण आधी चमचा पुसता."

"मी कुणाचाही चमचा पुसतो."

"तेच तर. तुमच्याइतका समतेचा माणूस पाहिला नाही. तुम्हाला सगळ्यांचीच सारखी किळस."

हे कॉलेज करमाडच्या अलीकडं, जालना रोडला लागून. शहर तेव्हा पूर्वेला असं सुटलं होतं, जणू मागून कुणी काठी घेऊन धावतंय. जिथं काल तुरीचं वावर होतं तिथं आज कमान, कमानीवर बिल्डरचा हसरा फोटो, आणि कमानीच्या आत काहीच नाही. त्याच लाटेत भाऊंनी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. भाऊ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. पांढरा सदरा, पांढरी गाडी, पांढरे बूट. पहिली काही वर्षं पोरं ओसंडून वाहिली. मग पावसानं पाठ फिरवली, ती सलग फिरवलेलीच राहिली. कापूस गेला, मोसंबीच्या बागा सरपणाला गेल्या, आणि ज्यांच्या जिवावर कॉलेज उभं होतं ते बाप पोरांना म्हणाले, राहू दे ते इंजिनिअर. वर्ग ओस पडले. लॅबमध्ये मशीनं मात्र नवी, रांगेनं मांडलेली, प्लास्टिकची टोपणं घालून बसलेली.

मग भाऊंना सुचलं. सरकारी भरतीच्या परीक्षा आता कॉम्प्युटरवर होऊ लागल्या होत्या, आणि परीक्षा घेणाऱ्या कंपन्यांना मशीनं भाड्यानं हवी होती. म्हणजे ज्या बापांच्या पोरांनी कॉलेज सोडलं, तीच पोरं आता शिपाई, लिपिक, तलाठी व्हायला त्याच खुर्च्यांवर दोन तासांसाठी येऊन बसू लागली. श्रीरंगला हे कळायचं आणि त्याचीही किळस यायची. पण ह्या किळसेला स्पिरिट नव्हतं.

श्रीरंग कॉलेजचा सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. नाव एवढं मोठं, जागा मात्र जिन्याखालची. सर्व्हरची खोली पुरुषांच्या संडासाला चिकटून होती. बांधतानाच श्रीरंगनं हरकत घेतली होती. भाऊ म्हणाले होते, "धर्माधिकारी, मशीनला वास येतो का?" आणि कॉलेजच्या बोअरला तेव्हा पाणी होतं म्हणून प्रश्न तिथंच मिटला. आता बोअर कोरडं. टँकर येईल तेव्हा येईल. संडासाच्या दारात एक निळा ड्रम, ड्रमला साखळीनं बांधलेला मग, आणि ड्रमाच्या तळाला जे काय होतं त्याला पाणी म्हणणं पाण्याचा अपमान होता. बेसिनमध्ये गुटख्याचे थर वाळून भिंतीसारखे झाले होते. त्या खोलीत पाय ठेवावा लागू नये म्हणून श्रीरंगनं अशी सोय केली, की सर्व्हरचं सगळं काम वरच्या मजल्यावर आपल्या टेबलावरून व्हावं. महिनामहिना तो जिन्याखाली फिरकायचा नाही.

उन्हाळ्यात भाऊंनी परीक्षेसाठी वरचा दुसरा हॉलही द्यायचं ठरवलं. आधी नेटवर्कचे दोन तुकडे होते. अर्धे आकडे लॅबला, अर्धे कार्यालयाला. नेटवर्कात प्रत्येक मशीनला एक आकडा असतो, घराला असतो तसा. आणि प्रत्येक मशीनला मास्क नावाची एक ओळ दिलेली असते. ती ओळ मशीनला सांगते की तुझं गाव इथपर्यंत, त्याच्या पुढचे परके. जुन्या मास्कनं सर्व्हरचं गाव एकशे सव्वीसला संपत होतं. आता कार्यालयाची तारच वेगळी काढली आणि सगळे आकडे दोन्ही हॉलांना दिले, तेव्हा मास्क बदलून गावाची शीव पुढं सरकवणं आलं. श्रीरंगनं हॉलांतल्या मशीनांचा बदलला. सर्व्हरचाही बदलला. टेबलावरून एक ओळ टाइप केली आणि काम भागलं.

पण अशी टाइप केलेली ओळ सर्व्हर चालू असेतोवरच टिकते. कायमची करायची तर ती आतल्या फाइलीत लिहायची, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि नीट उठला की नाही ते समोर उभं राहून बघायचं. समोर म्हणजे जिन्याखाली. तो मे महिना होता, ड्रम रिकामा होता, आणि वास पहिल्या मजल्यापर्यंत पोचत होता. श्रीरंगनं ठरवलं, पावसाळ्यात करू. पाऊस काही आला नाही. आणि सर्व्हर तरी कशाला बंद होतोय, त्याच्या मागं बॅटऱ्या आहेत, जनरेटर आहे. उन्हाळ्यात दोन परीक्षा झाल्या, श्रावणात एक झाली, सगळ्या सुतासारख्या सरळ.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची आणि त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही, हा रिवाज. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची करवत, तशी कॉलेजाची मशीनं. पूजेचं काम साहेबराव शिपायाकडं. कॉलेजात सगळ्यांना साहेब म्हणावं लागणाऱ्या ह्या माणसाचं नाव आईबापांनी साहेबराव ठेवलं होतं, आणि तो स्वतःच त्यावर सगळ्यांत जास्त हसायचा. पूजेत मात्र तो चेष्टा चालू द्यायचा नाही. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर त्यानं एकेक बटण बंद करत आणलं, आणि शेवटी जिन्याखालच्या सर्व्हरचंही दाबलं. वरच्या हॉलातला लोखंडी डबा, जिथं सगळ्या तारा येऊन मिळतात, त्यालाही हळद-कुंकू, झेंडूचा हार, आणि समोर फोडलेल्या नारळाचं पाणी. दसरा झाल्यावर सगळी बटणं पुन्हा चालू. कुणाला काही सांगायचा प्रश्न नव्हता. देवाचं काम, त्याची काय वर्दी द्यायची.

आणि रविवारी परीक्षा होती.

सकाळी गेटवर जत्रा. कुणाच्या हातात ओळखपत्राची घडी, कुणाच्या कडेवर पोर. पाण्याच्या बाटल्या आत न्यायच्या नाहीत असा नियम, आणि आत प्यायला पाणी नाही असं कॉलेज. परीक्षा कंपनीचा माणूस हिमांशू गळ्यात पट्टा घालून सगळ्यांच्या आधी आला होता. शहरातलाच पोरगा, पण कंपनीनं टाय दिल्यापासून मराठी थोडी आखडली होती. रंगीत तालीम त्यानं सुट्टीच्या आधीच उरकून घेतली होती, तेव्हा दोन्ही हॉल व्यवस्थित चालले होते. परीक्षा दहाला. साडेदहापर्यंत ज्याच्या पडद्यावर नाव उमटणार नाही, त्याला सॉफ्टवेअर आपोआप गैरहजर लावणार.

दहाला खालचा हॉल चालू झाला. वरच्या हॉलात एकाही पडद्यावर नाव उमटलं नाही. नुसतं चाक फिरत राहिलं.

श्रीरंग धावत वर आला आणि त्याला पहिल्यांदा दिसला तो लोखंडी डबा. हार सुकलेला. कुंकवाचे ओघळ तारांच्या तोंडापर्यंत. आणि नारळाच्या गोड पाण्यावर आलेल्या मुंग्या. काळी रांग खिडकीतून निघून भिंतीवरून थेट डब्यात शिरत होती आणि दुसऱ्या फटीतून बाहेर पडत होती. श्रीरंगच्या मानेवर काटा आला. बिघाड कुठं आहे हे त्याला त्याच क्षणी कळलं. म्हणजे त्याला वाटलं कळलं.

"साहेबराव!"

"जी सर." साहेबराव दारातच होता.

"हे काय करून ठेवलंय? मशीनवर नारळ फोडतात का?"

"मशीनवर नाय सर, मशीनम्होरं फोडला. थोडं उडालं आसंल."

"थोडं? अख्खं वारूळ आलंय आत."

"मुंगी शुभ अस्ती सर."

श्रीरंगनं रुमाल नाकाला बांधला, स्पिरिट काढलं, आणि डबा उघडून एकेक भोक पुसायला लागला. नव्वद माणसं खुर्च्यांवर बसून ह्या माणसाचं साफसफाईचं व्रत बघत होती. मुंग्या कापसाला चिकटायच्या, तो कापूस टाकायचा, नवा घ्यायचा. तारा काढल्या, पुसल्या, पुन्हा खोचल्या. चाक फिरतच होतं. मग त्यानं कपाटातून तारा एकमेकींना जोडणारा नवा स्विचच काढला आणि बदलायला घेतला.

पहिल्या रांगेतली एक बाई उभी राहिली. तिशीची असेल. साडीला पिन नीट लावलेली, पायांत धुळीच्या चपला. टेबलाला चिकटवलेल्या पट्टीवर नाव होतं निशा खरात.

"सर, व्हईल का आमचं?"

"बघतोय ना. बसा तुम्ही."

"बसलेच व्हते. आता उभी राह्यले. पुढच्या भरतीला माझं वय बसत नाही, म्हणून इचारते."

"कुठून आलात?" काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला.

"लासूर. पहिल्या गाडीनं मुकुंदवाडीला उतरले, तिथून रिक्षा."

मीही लासूरचाच, असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. म्हटलं असतं तर पुढं कोणत्या आळीतल्या असं विचारावं लागलं असतं, आणि लासुरात त्या प्रश्नाचा अर्थ आळीपुरता नसतो. तो पुन्हा डब्यात डोकं घालून बसला.

नवा स्विच बसला. चाक फिरतच राहिलं.

तेवढ्यात अतुल आला. त्याची आज वरच्या हॉलावर पर्यवेक्षक म्हणून नेमणूक होती आणि इतका वेळ तो पोरांना शांत ठेवत फिरत होता. त्यानं चकचकीत डबा पाहिला, कापसाचा ढीग पाहिला.

"झाली आंघोळ?"

"अतुल, आत्ता नको."

"नको तर नको. पण एक करा. इथल्या इथं एका मशीनवरून दुसऱ्याला हाक मारून बघा. डब्यात बिघाड असेल तर शेजाऱ्यालाही ऐकू जाणार नाही."

हे पहिल्या मिनिटाला करायचं काम होतं. लॅबमध्ये विद्यार्थ्यांना श्रीरंग स्वतः हेच सांगायचा, आधी हाक मारून बघा, मग पेचकस उचला. मुंग्या दिसल्या आणि शिकवलेलं सगळं गेलं. त्यानं एका मशीनवरून शेजारच्याला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' म्हणून हाक मारली. लगेच उत्तर आलं. खालच्या हॉलातल्या मशीनला हाक मारली. तिथूनही आलं. सर्व्हरला मारली. काही नाही.

म्हणजे तारा ठीक, डबा ठीक, मुंग्या निर्दोष.

ज्या गोष्टीची सगळ्यांत जास्त किळस आली तीच बिघाडाचं कारण असणार, असं श्रीरंगनं धरलं होतं, आणि वरच्या लोकांची वीस मिनिटं त्या किळसेत पुसून टाकली होती.

तो खाली धावला. खालच्या हॉलात सगळे शांत मान खाली घालून बसलेले. फक्त शेवटची रांग रिकामी.

"हिमांशू, मागची रांग रिकामी का?"

"वो मशीन्स भी नहीं चल रहे थे, सर. बरेच लोक आलेच नाहीत, त्यांच्या जागेवर शिफ्ट केलं सगळ्यांना. नो इश्यू."

"मला सांगायचं नाही का?"

"चौदाच तर होते."

श्रीरंग रिकाम्या रांगेशी गेला आणि मशीनवर चिकटवलेले आकडे वाचले. एकशे सत्तावीसपासून पुढं. त्याच्या पुढच्या रांगेतलं शेवटचं मशीन, ज्यावर एक मिशा फुटलेला पोरगा प्रश्न सोडवत होता, ते एकशे सव्वीस.

भानगड वरच्या हॉलाची नव्हतीच. आकड्यांची होती. सर्व्हरला मे महिन्यातला मास्क आठवत नव्हता, जुनाच आठवत होता. म्हणजे मधे कधीतरी तो बंद पडून पुन्हा उठला होता.

"साहेबराव, सर्व्हर बंद केला होता का?"

साहेबराव जिन्यात उभा होता. त्याला ह्या प्रश्नात गुन्हा कुठं आहे ते दिसेना.

"व्हय. खंडेनवमीला चालू हत्यार पुजतेत का? दसऱ्याला मी परत लावला की. हिरवा दिवा बी लागला."

त्याच्यावर ओरडायला श्रीरंगचं तोंड उघडलं, आणि उघडलेलंच मिटलं. बटण साहेबरावनं दाबलं होतं हे खरं. पण वास येतो म्हणून एक ओळ लिहायची कुणी टाळली होती, ते जिन्याखालच्या भिंतींना आणि त्याला, दोघांनाच माहीत होतं.

तो सर्व्हरच्या खोलीकडं वळला तर हिमांशू आडवा.

"सर, सर्व्हरला हात नाही लावायचा. खाली परीक्षा चालू आहे."

"एक ओळ टाइप करायची आहे. मास्क चुकीचा आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच बदलला होता. जतन केला नव्हता."

हिमांशूनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसा श्रीरंग टपरीवरच्या फडक्याकडं पाहायचा. "और नीचे के सब लोग आउट हो गए तो? तुमची एक ओळ, माझी नोकरी."

एवढ्यात भाऊ आले. पांढरे बूट जिन्यापाशी थांबले, पुढं संडासाचा ओघळ होता. सगळं ऐकून त्यांनी एक मिनिटसुद्धा विचार केला नाही.

"वरच्यांना घरी पाठवा."

"भाऊ, नव्वद उमेदवार आहेत."

"मग? खालचे शंभरावर बसलेत ना? भाडं केंद्राचं आहे, डोक्यावर नाही." भाऊंनी आवाज मऊ केला. हा आवाज ते भाषणाला वापरायचे. "हे बघा, कारण कशाला शोधता? दुष्काळ आहे. पाण्याअभावी उमेदवारांच्या आरोग्याच्या दृष्टीनं दुसरा हॉल रद्द. कोण विचारतंय? सगळीकडं हेच चाललंय. गेल्या महिन्यात स्नेहसंमेलन रद्द केलं, तेव्हा कुणी विचारलं का?"

श्रीरंग त्यांच्या बुटांकडं पाहत राहिला. पांढरे शुभ्र, टाचेला धुळीचा कणही नाही. ज्या गावात माणसं आंघोळीचं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं गुरांना वापरत होती, तिथं हे बूट रोज धुतले जात होते. त्याला वाटलं, आजवर आपण उगाच मोरीचा, गुटख्याचा, दुसऱ्याच्या घामाचा तिटकारा करत बसलो. खरी मळमळ व्हावी अशी गोष्ट गेली नऊ वर्षं रोज सकाळी समोरून जात होती आणि आपण उठून नमस्कार करत होतो.

पण त्यानं भाऊंना काही सुनावलं नाही. सुनावणाऱ्यातला तो नव्हताच. तो हिमांशूकडं वळला.

"चालू सर्व्हरवर ओळ टाकली तर खालचे तुटत नाहीत. मेमध्ये मी असंच केलं होतं. तेव्हा कार्यालयातल्या बाई टाइप करत होत्या, त्यांना पत्ताही लागला नाही."

"सर, मी हो म्हणू शकत नाही."

"हो म्हणू नका."

हिमांशूनं वर बघितलं. जिन्याच्या कठड्यावरून वरच्या हॉलातली काही डोकी खाली वाकली होती. अतुल त्यांना हातानं मागं सारत होता. निशा खरात मागं सरत नव्हती.

"मी चहाला जातो," हिमांशू म्हणाला. "तीन-चार मिनिटं. मला काही दिसलं नाही."

"चहा कुठाय? पाणीच नाही," साहेबराव म्हणाला.

"मग बिस्किट खातो."

भाऊंचा फोन वाजला आणि ते बोलत गाडीकडं गेले. त्यांच्या लेखी प्रश्न सुटलेला होता.

जिन्याखालचं दार श्रीरंगनं खांद्यानं ढकललं. वास भिंतीसारखा अंगावर आला. भिंतीला ओल होती. पाणी नसलेल्या इमारतीत ओल कशाची, हे त्यानं मनात येऊ दिलं नाही. कोपऱ्यात सर्व्हर, त्याच्या कपाळावर कुंकू. समोरचा कीबोर्ड तेलकट, हळदीनं पिवळा, आणि कळांच्या मधे कुणाच्या तरी बिडीची राख. टेबलावरून जोडून काम करता आलं असतं, पण त्याचं टेबल वरच्या हॉलापलीकडं, मशीनचा आकडा एकशे सत्तरच्या घरात. सर्व्हर त्यालाही ओळखत नव्हता. स्पिरिट वर राहिलं होतं.

त्यानं बोटं ठेवली. कळा चिकटत होत्या. पडद्यावर मास्क आला, शेवटचा आकडा एकशे अठ्ठावीस. मास्कच्या हिशोबात ह्याचा अर्थ, गाव एकशे सव्वीसला संपलेलं. नवी ओळ टाइप करताना बोट एकदा घसरलं आणि चुकीचा आकडा पडला. त्यानं तो खोडला, ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली, आणि एंटर दाबलं. खालच्या हॉलातून काही ओरडा येतो का, म्हणून तो कान देऊन उभा राहिला. कुणी ओरडलं नाही. कळा दाबल्याचा एकसारखा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

मग जिन्यावरून अतुलचा आवाज आला. "आली नावं, सर. पण ह्यातल्या काहींना भाऊंच्या माणसानं गेटवर नेलंय. दुष्काळ आहे म्हणून सांगितलं."

"साहेबराव, पळा."

साहेबराव पळाला. तो पन्नाशीचा होता आणि चप्पल एका पायातून निघाली तरी थांबला नाही. गेटवरून माणसं परत धावत आली, जिन्यावर ढकलाढकली झाली. अतुल प्रत्येकाला खुर्चीत बसवून नाव भरायला लावत होता. हिमांशू बिस्किटाचा पुडा हातात धरून दारात आला आणि घड्याळाकडं बघत राहिला. साडेदहाला सॉफ्टवेअरनं दार लावलं. चार खुर्च्या रिकाम्या राहिल्या. ते चौघं तोवर जालना रोडला एखाद्या जीपमध्ये चढून गेले होते. त्यांना कधीच कळणार नव्हतं, की दुष्काळ जिन्याखाली होता.

पेपर सुटला तेव्हा श्रीरंग बाहेर कडुलिंबाखाली उभा होता. परीक्षेला आलेल्या एका पोराच्या बापाकडून त्यानं तांब्याभर पाणी मागून घेतलं होतं आणि हात धुतले होते, तरी तो बोटं एकमेकांना लागू देत नव्हता. निशा खरात आली.

"कसा गेला?"

"आवघड व्हता. गणितं लई. पण बसले तरी." मग तिनं विचारलं, "काय झालतं सर? ते कंपनीवाले म्हणत व्हते, सर्व्हर डाऊन."

हो म्हणून सुटता आलं असतं. त्यानं सांगितलं. प्रत्येक मशीनला आकडा असतो, सर्व्हरला मास्क असतो, मास्क म्हणतो गाव कुठवर. तुमचे आकडे त्याच्या बाहेर पडले.

"म्हणजे आमचं त्याला ऐकूच येत नव्हतं?"

"येत होतं." इथं त्याला थांबावंसं वाटलं, पण ती थांबली नव्हती. "तुमची हाक पोचत होती. पण तुम्ही बाहेरचे, असं त्याला सांगून ठेवलेलं. बाहेरच्यांना उत्तर द्यायचं तर वेगळ्या दारातून, आणि परीक्षेच्या नेटवर्कला तसलं दार ठेवत नाहीत. म्हणून उत्तर जात नव्हतं."

निशानं ते डोक्यात नीट लावून घेतलं. गणितासारखं.

"ऐकू येतंय, पण उत्तर द्यायचं नाही."

"हं."

"आन् हे त्याला कुणी सांगून ठेवलेलं?"

"आधीपासूनचं होतं," श्रीरंग म्हणाला. "मी बदललं होतं. कायमचं केलं नव्हतं."

हे वाक्य आपण संगणकाबद्दलच बोललो, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते काही पटलं नाही. कपाटातलं जानवं, पुसलेले चमचे, कोणती आळी हा न विचारलेला प्रश्न, सगळं एकदम समोर आलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला दुसऱ्या कुणाची नाही, स्वतःचीच शिसारी आली. बाकीच्यांची ती पुसून तरी टाकता यायची.

निशाला त्याच्या चेहऱ्यात रस नव्हता. ती गेटकडं बघत होती.

"आता केलं का मग कायमचं?"

"नाही अजून. संध्याकाळी, सगळे गेल्यावर करीन म्हणतो."

"संध्याकाळी कशाला? दुपारच्या पाळीला माझी वहिनी हाय. वरच्याच हॉलात. तवर परत कुणी बटण दाबलं तर?" तिनं पिशवी खांद्याला अडकवली. "आत्ताच करून टाका की. तासभर हाय मधी."

ती रिक्षाकडं गेली. श्रीरंगनं रुमाल नाकाला बांधला, दोन गाठी मारून, आणि जिन्याखाली गेला. फाइल उघडून ओळ लिहिली. मग त्यानं सर्व्हर बंद केला, पुन्हा चालू केला, आणि काळ्या पडद्यावर आकडे वर येईपर्यंत तिथंच उभा राहिला.